कम्रिकेपासून पेडलपर्यंत

चांदा आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या रानांतून जो हिंडेल त्याला सागाच्या खालोखाल बांबूची ओळख होईल. घराचा कूड, धान्याची कणगी, पाखडण्याचें सूप, बुरुडाची टोपली हीं सर्व येथें बांबूचीं. आणि १९४५ सालीं बल्लारपुरास कागदाची गिरणी निघाल्यावर शाळेंतल्या पोराची वहीहि बांबूची झाली. परंतु याच बांबूची एक कांडी एके काळीं महाराष्ट्रांत वीणेच्या तारेवरून फिरत असे व तीतून सूर निघत असे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं नसते. आज पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास स्टील गिटार म्हणून जें वाद्य प्रसिद्ध आहे आणि ज्याला पायांनीं चालणारी यंत्रसामग्री जोडण्याची खटपट गेलीं ऐशीं वर्षें चालू आहे, त्याच्या कुळाचा शोध घेऊं लागल्यास वाट या बांबूच्या कांडीपर्यंत येते काय, आणि येत असल्यास कोठवर येते, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा एक विद्वान अधिकारी होता. आजोबा काश्मीराहून दक्षिणेंत आलेले, आणि हा स्वतः राज्याच्या लिखापढीचें व हिशेबाचें काम पाहणारा. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ हिंदुस्थानी व कर्नाटक या दोनहि पद्धतींना प्रमाणभूत वाटतो. या ग्रंथांत वीणांच्या प्रकरणीं ज्या एकतंत्री वीणेला मान दिलेला आहे तिला नांवाप्रमाणें तार एकच, आणि पडदा एकहि नाहीं. वादक उजव्या हातानें तार छेडी आणि डाव्या हातांतील कांडी तारेवरून सरकवून स्वर काढी. त्या कांडीचें नांव कम्रिका. ती बांबूची असे. तारेचा नाद घुमावा म्हणून घोडीवर तारेखालीं जी बारीकशी चीप घालीत, तीहि बांबूचीच. म्हणजे वाद्याच्या नादाचा जीव आणि स्वराची वाट या दोनहि गोष्टी एका रानगवतावर अवलंबून होत्या.

येथें सामान्य वाचकांसाठीं एक खुलासा अवश्य आहे. पडदे असलेल्या वाद्यांत स्वरांच्या जागा आधींच ठरलेल्या असतात. जिन्याला जशा पायऱ्या, तसे सतारीला पडदे. पायरी सोडून मध्येंच उभें राहावयाचें झाल्यास तार ओढावी लागते. कांडीनें वाजविण्याच्या वाद्याला पायऱ्याच नाहींत. तेथें सर्वच उतरण. षड्जापासून पंचमापर्यंत वाटेंतील एकहि श्रुति न गाळतां जातां येतें. मींड ही ज्या संगीताचा प्राण आहे त्याला याहून सोयीचें वाद्य तें कोणतें? परंतु जें अधिक मोकळें तें साधावयाला अधिक कठिण, हा न्याय येथेंहि आहेच. पायरी नसल्यामुळें पाय घसरण्याची भीति पदोपदीं असते. कांडी केसभर पुढें गेली कीं स्वर चढला, केसभर मागें राहिली कीं उतरला. एकतंत्री मागें पडली आणि पडद्यांच्या वीणा पुढें आल्या, त्याला हेंहि एक कारण असावें.

पुढें या सरकत्या सुराचा जीर्णोद्धार झाला तो महाराष्ट्रांत नव्हे, पण मराठी नांवाच्या माणसाच्या हातून झाला. व्यंकोजी राजांनीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तंजावरास मराठ्यांचें राज्य स्थापिलें. तें १८५५ सालीं खालसा झालें. राज्य गेलें तरी तेथील मराठी घराणीं कावेरीच्या कांठींच राहिलीं. घरांत मराठी, बाहेर तमिळ, आणि दरबारांत वाढलेला संगीताचा शोक मात्र दोनहि भाषांच्या पलीकडचा. कुंभकोणाजवळच्या तिरुविडैमरुदूर येथील सखाराम राव हे अशांपैकींच. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं गोट्टुवाद्याला मैफलींत मानाचें स्थान मिळवून दिलें. हें वाद्य म्हणजे, थोडक्यांत सांगावयाचें तर, पडदे काढून टाकलेली तंजावरी वीणा. ती जमिनीवर आडवी ठेवून वादक समोर बसतो आणि गुळगुळीत लांकडाचा गोल तुकडा तारांवरून फिरवितो. प्रसिद्ध गायक सेम्मनगुडि श्रीनिवास अय्यर यांना सखाराम रावांची तालीम मिळाली होती, आणि बुडलूर कृष्णमूर्ति शास्त्री हे या वाद्यांतील त्यांचे नांवाजलेले शिष्य. म्हैसूर दरबारचे नारायण अय्यंगार (१९०३–१९५९) यांनीं हीच परंपरा वाढविली. त्यांचे नातू रविकिरण यांनीं वाद्याला चित्रवीणा हें नांव रूढ केलें. उत्तरेंत याच सुमारास पतियाळ्याचे अब्दुल अझीझ खां यांनीं विचित्रवीणा पुढें आणली. तिच्यावर कांचेचा गोटा फिरतो. एकतंत्रीचीं हीं दोन नातवंडें देशाच्या दोन टोकांस जवळजवळ एकाच काळीं रांगूं लागलीं, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां समुद्रापलीकडे जाऊं. हवाई बेटांत गुराखी लोकांबरोबर गिटार आली ती एकोणिसाव्या शतकांत. त्या शतकाच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत तेथील तरुण ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी तुकड्यानें वाजवूं लागले. या शोधाचें श्रेय बहुधा ओआहू बेटावरील जोसेफ केकुकु (१८७४–१९३२) याला देण्यांत येतें. शाळकरी वयांत हातीं लागलेला लोखंडाचा बोल्ट त्यानें तारेवर टेकविला, त्याचा नाद मनांत भरला, आणि मग शाळेच्या कारखान्यांत त्यानें पोलादाची पट्टी घडविली, अशी कथा आहे. पण हवाईंतच दुसरीहि एक कथा सांगतात. ती अशी कीं, केकुकुच्या आधीं गेब्रिएल डेव्हियन नांवाचा एक तरुण खलाशी होनोलुलूंत तार अशाच रीतीनें वाजवीत असे, आणि त्याचा जन्म हिंदुस्थानांतला होता.

ही दुसरी कथा ऐकतांच आपल्यापैकीं कित्येकांचे डोळे चमकतील. ‘पाहा, हेंहि मूळ आमचेंच!’ असें म्हणण्याचा मोह अनावर होतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें हा मोह आवरला पाहिजे. एका खलाशाविषयींची कांहीं माणसांची आठवण ही दोन देशांच्या वाद्यांमधील पूल ठरत नाहीं. त्या तरुणानें वीणा पाहिली होती काय, हेंच जेथें सिद्ध नाहीं, तेथें वंशवृक्ष कसला काढावयाचा? शिवाय तार आणि गुळगुळीत कठिण वस्तु एकत्र आल्यास हा नाद कोठेंहि सांपडण्यासारखा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील निग्रो गायकांनाहि तो चाकूच्या पाठीनें आणि बाटलीच्या गळ्यानें सांपडला होता. आपला अभिमान शार्ङ्गदेवाच्या पोथीवर आणि सखाराम रावांच्या बोटांवर उभा राहूं शकतो. त्याला खलाशाच्या गलबताची गरज नाहीं.

केकुकु १९०४ सालीं हवाई सोडून अमेरिकेस गेला. १९१५ सालीं सॅनफ्रान्सिस्को येथें जें मोठें प्रदर्शन भरलें त्यांत हवाईयन मंडळींचें वादन लाखो लोकांनीं ऐकलें, आणि पाहतां पाहतां या वाद्याचें वेड देशभर पसरलें. मोठ्या दिवाणखान्यांत तें ऐकूं जाईना, तेव्हां विजेची मदत घेण्यांत आली. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथील रिकनबॅकर कंपनीनें जी पहिली विजेची गिटार बाजारांत आणली ती मांडीवर वाजविण्याचीच होती. तिच्या तव्यासारख्या आकारामुळें लोक तिला तळणीचा तवा म्हणत. म्हणजे आज जगभर तरुणांच्या गळ्यांत दिसणारी जी विजेची गिटार, तिचा जन्म मांडीवर झाला आहे.

येथवर सर्व ठीक होतें. पण अमेरिकन संगीताची गरज आपल्याहून निराळी. तेथें एक सूर एकटा चालत नाहीं. तीन-चार सूर हातांत हात घालून चालतात. आणि येथेंच पोलादी पट्टीची अडचण उभी राहिली. पट्टी सरळ, तारा समांतर. पट्टी सरकविली कीं सगळ्या तारा सारख्याच अंतरानें चढतात वा उतरतात. सा-ग-प अशा लावलेल्या तारांवर पट्टी कोठेंहि ठेवा, मिळणार तें त्याच नमुन्याचें त्रिकूट. एक तार स्थिर ठेवून दुसरी हलवावी असें म्हटलें तर उपाय थोडे. पट्टी तिरकी धरावी. पण तिरकी पट्टी अचूक ठेवणें हें फार दिवसांच्या मेहनतीचें काम. किंवा निरनिराळ्या लावणीच्या दोन, तीन, चार गिटारी एकाच चौकटींत बसवाव्या आणि एकीवरून दुसरीवर उड्या माराव्या. हे दोनहि उपाय करून झाले.

तिसरा उपाय यंत्राचा. १९३९-४० च्या सुमारास गिब्सन कंपनीनें इलेक्ट्राहार्प नांवाचें पेडलांचें वाद्य काढलें. १९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील पॉल बिग्सबी या कुशल कारागिरानें स्पीडी वेस्ट या वादकासाठीं पेडलांची गिटार बांधून दिली. तरी पेडलाचा उपयोग बहुधा एक लावणी बदलून दुसरी घेण्यापुरताच होत असे. पुढें वेब पिअर्स या गायकाचें ‘स्लोली’ हें गाणें १९५४ सालीं गाजलें. त्यांत बड आयझॅक्स या वादकानें तारा वाजत असतांनाच पेडल दाबलें. एक सूर जागच्या जागीं थांबलेला, आणि त्याच्या शेजारून दुसरा सूर हळूच वर चढतो आहे, असा तो परिणाम होता. ऐकणाऱ्या वादकांनीं घरोघरीं आपापल्या वाद्यांना सळ्या आणि दोऱ्या बांधून तो नाद काढण्याची धडपड केली असें सांगतात. मग बडी एमन्स याच्यासारख्या बुद्धिमान वादकांनीं पेडलांची आणि गुडघ्यांनीं हलविण्याच्या दांड्यांची रचना सुधारून सुधारून आजच्या स्वरूपास आणली.

ही रचना आपल्या भाषेंत सहज सांगतां येते. आजच्या प्रचलित दहा तारांच्या लावणींतील मुख्य तारा सा, ग आणि प अशा धरा. डाव्या पायाखालील पहिलें पेडल दाबलें कीं पंचमाच्या तारा ताणल्या जाऊन धैवत होतो. दुसरें दाबलें कीं गंधाराच्या तारा चढून मध्यम होतो. षड्ज मात्र दोनहि वेळां अढळ. दोनहि पेडलें एकदम दाबलीं कीं सा-ग-प चें सा-म-ध झालें, आणि हातांतील पट्टी जागची हलली नाहीं! शिंप्याच्या यंत्राचें पायडल जसें सुईला खालींवर नाचवितें, तसें हें पायडल सुराला नाचवितें. उजवा पाय आवाज कमीअधिक करण्यांत गुंतलेला, दोनहि गुडघे दांड्यांशीं, उजव्या हाताचीं बोटें तारांशीं, डावा हात पट्टीशीं. असा हा अष्टावधानी मनुष्य खुर्चीवर बसलेला असतो.

आतां प्रश्न येतो तो या दोन वाद्यांच्या संयोगाचा. मांडीवरची साधी स्टील गिटार हातीं आहे. तिलाच पेडलें कां जोडूं नयेत? हौशी लोकांच्या मनांत हा विचार वारंवार येतो. उत्तर वाद्याच्या हाडांत आहे. साध्या गिटारींत तारेचें टोंक घोडीपाशीं पक्कें जखडलेलें असतें आणि त्या घट्टपणावरच तिच्या नादाची गोडी अवलंबून असते. पेडलाच्या गिटारींत प्रत्येक तारेचें टोंक एका हलत्या धातूच्या बोटावर ठेवलेलें असतें. त्या बोटाला खालून सळी, सळीला दांडी, दांडीला पेडल. म्हणजे जोडावयाचें तें केवळ पेडल नव्हे. वाद्याचा पायाच उकरून नवा घालावा लागतो. शिवाय एक तार ताणली कीं लांकडावरचा ताण बदलून इतर तारा किंचित् उतरूं पाहतात. त्यासाठीं चौकट अधिक मजबूत हवी. म्हणून व्यवहारी वादक निराळी युक्ति करतात. पेडलाच्या एका गिटारीच्या चौकटीवर हाताच्या विसाव्यासाठीं जी मोकळी जागा असते, तीवर साधी गिटार बसवून देतात. एकाच आसनावर दोन वाद्यें. जेथें सरळ, दाणेदार मींड हवी तेथें हें, जेथें गुंफलेले सूर हवेत तेथें तें. हा संयोग लग्नाचा नसून शेजाराचा आहे. पण शेजार चांगला असला तर तोहि कमी सुखाचा नसतो.

आणि सर्वांनाच हा शेजार हवा होता असेंहि नाहीं. जेरी बर्ड (१९२०–२००५) हा अमेरिकेंतील या वाद्याचा थोर वादक. पेडलांची लाट आली तेव्हां त्यानें ती आपल्या अंगावरून जाऊं दिली. जें पायांनीं साधतें तें आपण तिरक्या पट्टीनें साधूं, आणि जें साधणार नाहीं तें सोडून देऊं, हा त्याचा बाणा. पुढें तो हवाईंतच जाऊन राहिला आणि ज्यांच्या पूर्वजांनीं हें वाद्य जगाला दिलें त्यांच्याच मुलांना त्यानें तें शिकविलें. एमन्सनें पेडलांत नवें विश्व उभारलें, बर्डनें पेडलावांचून जुनें विश्व राखलें. दोघांपैकीं चुकला कोण, असा प्रश्न विचारणेंच चुकीचें आहे. प्रत्येकानें आपल्या संगीताला काय हवें तें आधीं ओळखलें आणि मग यंत्राकडे पाहिलें.

आपल्याकडेहि हेंच वाद्य आलें. पण त्याला पेडलें फुटलीं नाहींत, हें पाहण्यासारखें आहे. १९२९ च्या सुमारास सामोआ बेटाचा टाऊ मो हवाईयन मंडळीबरोबर हिंदुस्थानांत आला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्याचें कुटुंब कलकत्त्यास राहिलें. तेथील गार्नी निस यानें त्याच्यापासून विद्या घेऊन आपला वाद्यवृंद काढला. पुढें मुंबईच्या चित्रपटसृष्टींत व्हॅन शिपले, हजारासिंग यांच्या हातीं हें वाद्य लोकप्रिय झालें. पण त्याला अभिजात संगीताची दीक्षा दिली ती जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनीं. अली अकबर खां यांच्या या शिष्यानें मांडीवरच्या गिटारीवर राग मांडला, आणि १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मा यांच्या संतूरास व हरिप्रसाद चौरसिया यांच्या बांसरीस त्यांच्या गिटारीची साथ मिळाली. त्यानंतर विश्वमोहन भट यांनीं गिटारीला तरफेच्या तारा बसवून मोहनवीणा केली. ‘ए मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेसाठीं त्यांना राय कूडर यांच्यासह १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

येथें दोन वाटा कोठें फुटल्या तें स्पष्ट दिसतें. अमेरिकनानें गिटारीला पेडल जोडलें, कारण त्याला एका सुराबरोबर दुसरा सूर चालवावयाचा होता. आपण तिला चिकारी आणि तरफ जोडली, कारण आपल्याला एकाच सुराचा प्रतिध्वनि हवा होता. त्यानें सुराला सोबती दिला, आपण सुराला आरसा दिला. पट्टी मात्र दोघांच्याहि हातांत तीच.

यंत्रानें स्वर साधण्याचा मोह आपल्याकडे झालाच नाहीं असें मात्र नव्हे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्यानें श्रुतींची पेटी तयार करविली. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेंत तिजवर कडाक्याचा वाद झाला. गवयाच्या गळ्यांतील सरकता स्वर आणि पेटीच्या पट्टींत बसविलेला स्वर यांचा मेळ बसेना. देवलांची तळमळ खरी होती. पण त्यांनीं उतरणीला अधिक पायऱ्या बसविल्या, आणि पायऱ्या कितीहि केल्या तरी त्यांची उतरण होत नाहीं. याच्या उलट टोंक म्हणजे १९४० सालीं आकाशवाणीवर पेटीला झालेली बंदी. ती सुमारें तीन दशकें टिकली. त्या काळांत मराठी माणसाच्या घरीं, कीर्तनांत आणि रंगभूमीवर मात्र पेटी सुखानें वाजतच होती. झाडीपट्टींतल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांना तर तिच्यावांचून रंग चढला नसता. यंत्राला देव्हाऱ्यांत बसविणें जितकें व्यर्थ, तितकेंच त्याला वेशीबाहेर काढणेंहि व्यर्थ.

पेडलाच्या गिटारीचें महत्त्व मला याच ठिकाणीं वाटतें. तिच्यांत उतरण तशीच ठेवून पायऱ्या जोडल्या आहेत. पट्टी मोकळी, पेडल बांधलेलें. दोन ठराविक स्वरांमधील अंतर यंत्रानें नेमून दिलें, पण तें अंतर किती सावकाश ओलांडावयाचें तें वादकाच्या पावलावर सोपविलें. यंत्र आणि माणूस यांच्यांत कामाची अशी वांटणी झाली म्हणजे यंत्र माणसाला दडपीत नाहीं. आपला एखादा तरुण उद्यां मोहनवीणेला पेडल जोडावयास निघाला तर त्याला हंसूं नये. पण ‘तुला दुसरा सूर कशासाठीं हवा?’ एवढें अवश्य विचारावें. त्याच्याजवळ उत्तर असेल तर सळी आणि दांडी त्याला कोणीहि घडवून देईल. उत्तर नसेल तर सगळी यंत्रसामग्री मिळूनहि त्याचें वाद्य मुकेंच राहील.

शेवटीं पुन्हां आपल्या रानाकडे वळूं. चांदा, यवतमाळ आणि पलीकडे आदिलाबाद या मुलखांत परधान लोक किंगरी वाजवितात. ते गोंडांचे भाट. यजमान घराण्याच्या कुळकथा किंगरीच्या साथीनें गाणें हा त्यांचा पिढीजात हक्क आणि पिढीजात कर्तव्य. किंगरीला तीन तारा, हातांत गज, आणि पडदा एकहि नाहीं. तिचा सूर सरकतो तो थेट बोटाखालीं. शार्ङ्गदेवाच्या पोथीला टीकाकार मिळाले, सखाराम रावांना शिष्य मिळाले, केकुकुचें नांव जगानें उचललें. किंगरीच्या वादकाला मात्र यजमानाच्या अंगणावांचून दुसरी सभा नाहीं. तें अंगण आणि त्यांतली कथा ऐकण्याची सवड दोनहि आटत चाललीं आहेत. कम्रिका गेली तेव्हां बांबूचीं बेटें कांहीं संपलीं नव्हतीं. तीं आजहि वैनगंगेच्या खोऱ्यांत वाऱ्यानें करकरत आहेत. संपला होता तो हात. दूरदेशींच्या पेडलांचें कौतुक करतांना आपल्या दारचा हात कोठें थांबला आहे, इतकें पाहावयास विसरूं नये.